रक्त म्हणजे टॉनिक नव्हे

प्रश्न : आईचं वय ५८, हिमोग्लोबिन ७.८. घरातले म्हणतात, ‘एक बाटली चढवा, ताकद येईल.’ चढवावी का?

रक्त काचेच्या बाटलीतून येणं कधीच बंद झालं, पण ‘बाटली चढवा’ काही सुटत नाही! एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं वाढतं. ते कशामुळे उतरलं, हा प्रश्न तसाच राहतो. धाप, छातीत दुखणं, चालू रक्तस्राव यांपैकी काही नसेल, तर सहसा ७ च्या खाली गेल्यावरच रक्ताचा विचार करतात; हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास. आधी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. लोह कमी निघालं तर गोळ्या, त्या सोसल्या नाहीत तर शिरेतून लोह. आणि पाळी गेलेल्या बाईत लोह कमी असेल तर पोटा-आतड्यांची तपासणी टाळू नका. मूळव्याध समजून सोडून दिलेलं कधी आतड्याचा कॅन्सर निघतो.

प्रश्न : बहिणीचं ऑपरेशन आहे. माझं, म्हणजे सख्ख्या भावाचं रक्त जास्त सुरक्षित ना?

उलट. जवळच्या नात्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तिथेच ठाण मांडून रुग्णाच्याच पेशींवर उलटू शकतात. हे क्वचितच घडतं, पण बहुतेकदा जीवावर बेततं. नात्यातलं रक्त द्यायचंच झालं तर ते विकिरण करूनच, म्हणजे किरणांनी त्या पांढऱ्या पेशी निकामी करूनच देतात. तुम्ही रक्तपेढीत जरूर द्या, ते दुसऱ्या कुणाला लागेल.

प्रश्न : रक्त चढताना आम्ही काय बघायचं?

एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस, मलेरिया या चाचण्या रक्तपेढीत झालेल्या असतात. घोटाळा होतो तो खाटेपाशी. मी शिकत होतो तेव्हा वॉर्डात शेजारशेजारी दोन सुनीता होत्या. सिस्टरनं विचारलं, “सुनीता ना?” हिनं मान डोलावली. पिशवी पलीकडच्या सुनीताची होती! सुई जोडण्याआधी केसपेपरचा नंबर पाहिला म्हणून निभावलं. तेव्हा रुग्णाला स्वतःचं पूर्ण नाव सांगू द्या आणि नाव, नंबर, रक्तगट पिशवीवरच्या चिठ्ठीशी ताडलेत ना, ते बघा. पहिली १५ मिनिटं शेजारून हलू नका. थंडी वाजली, कंबर दुखली, लघवी लाल झाली तर लगेच सिस्टरला हाक मारा, रक्त थांबवायला सांगा. आणि पिशवी गार लागते म्हणून गरम पाण्यात धरू नका, पेशी फुटतात.

प्रश्न : डेंगीत प्लेटलेट ४० हजारांवर आल्यात. पिशव्या जमवू का?

रक्तस्राव नसेल तर नको. १० हजारांच्या वर सहसा गरज पडत नाही. त्यापेक्षा ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस लघवी आणि बीपीकडे लक्ष ठेवा.