साखरपुड्याचं सोडा, मुख्य अर्जदार कोण ते आधी ठरवा

‘साखरपुडा झालाय, कॅनडाच्या पीआरचा (कायम राहण्याच्या परवान्याचा) अर्ज लग्नाआधी करू की नंतर?’ असं विचारलंय तुम्ही. साखरपुड्याला तिकडे काडीची किंमत नाही, तुम्ही अविवाहितच. ‘कॉमन-लॉ’, म्हणजे लग्नाविना जोडपं, म्हणवून घ्यायला सलग बारा महिने एकत्र संसार लागतो. एक पाचपाखाडीत आणि एक ऐरोलीत, रोज व्हिडिओ कॉल, हे चालत नाही.

आता आमची गोष्ट. लग्न झालं तेव्हा नवरा ३४ चा, मी २९ ची. डिग्री आणि अनुभव दोघांचा सारखाच. अर्ज त्याच्याच नावावर जाणार हे चरईतल्या घरी न विचारता ठरून गेलेलं. पण पीआर गुणांवर मिळते, आणि जोडप्यात ज्याच्या नावावर अर्ज, म्हणजे जो मुख्य अर्जदार, मुख्यतः त्याचेच गुण धरतात. म्हणून मी एका रविवारी एक्सेल उघडलं. वयाचे त्याला ७५, मला १००. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत माझे चारही भाग सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी), त्याचं रायटिंग सहा बँडवर, म्हणजे सीएलबी ७ वर अडकलेलं. तेवढ्या एका सहापायी डिग्री आणि अनुभवाला चांगल्या भाषेची जोड असली की मिळणारे जोडगुणही निम्मे. मी मुख्य अर्जदार झाले तर एकूण ८६ गुण जास्त! सासरे म्हणाले, "म्हणजे हा बायकोच्या पदराला धरून जाणार?" नवरा गपचूप भात कालवत होता. मग काकांनी तोडगा काढला: याला सिंगल दाखवा, सूनबाईला मागाहून बोलावू.

हा तोडगा तुम्हालाही कुणीतरी सुचवेल. एकट्याला मूळ गुण ५०० पर्यंत, जोडप्यात ४६० आणि जोडीदाराचे फार तर ४०, म्हणून मोह होतो. पण लपवलेलं लग्न उघड झालं तर पाच वर्षं बंदी. आणि ज्या बायकोचं नावच अर्जात नव्हतं, तिला पुढे स्पॉन्सर करता येत नाही. मी काकांना विचारलं, मग मी काय जन्मभर चरईतच लोणची घालू? दोन आठवडे घरात अबोला होता.

अर्ज माझ्याच नावावर गेला. पीआर आली. सासरे अजून सोसायटीत सांगतात, "मुलाला कॅनडाची मिळाली."

हां, तुमचं राहिलंच. लग्नाआधी अर्ज केलात तर चालतं, पण मध्ये लग्न झालं की तिकडे पाऊल ठेवायच्या आधी कळवून जोडीदाराचं नाव घालावंच लागतं. लग्नानंतर करणार असाल तर नोंदणी लगेच उरका. पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि भटजींची सही. भटजी नंतर सापडत नाहीत. नियम बदलत असतात, सरकारी साइटवर एकदा बघाच. आणि गुण दोन्ही बाजूंनी मांडून बघा, फक्त सासऱ्यांसमोर नको.