शरीर स्वतःहून कॅन्सर रोखतं का? मग तो होतोच कसा?

रोखतं, आणि रोज रोखतं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा चुका व्हायच्याच. बहुतेक तिथल्या तिथे दुरुस्त होतात. नुकसान मोठं असेल तर पी-५३ हे १९७९ मध्ये सापडलेलं प्रथिन विभाजनच थांबवतं. आपल्याकडे धागा तुटला की चादरीचा माग थांबतो, तसंच. दुरुस्ती जमली तर ठीक, नाहीतर पेशीला मरायला लावतं. हत्तीत हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या सुमारे २० जोड्या, माणसात एकच! एवढा अवाढव्य देह असूनही हत्तीला कॅन्सर कमी होतो, त्याचं हे एक कारण मानतात.

यातूनही निसटलेल्या पेशींना प्रतिकारशक्तीच्या नॅचरल किलर पेशी आणि टी-पेशी मारतात. पण कॅन्सरच्या काही गाठी टी-पेशींना आवरणारा ब्रेकच दाबून धरतात. तो सोडवणाऱ्या उपचारांच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं, ॲलिसन आणि होंजो यांना.

राहता राहिले ‘प्रतिकारशक्तीचे’ काढे. त्यांनी कॅन्सर टळतो याला पुरावा नाही. आणि गालात मावा धरून वर काढा प्यायचा, हे तर नवलच. तंबाखूतली रसायनं डीएनएवरच घाव घालतात, पी-५३ चं जनुकही बिघडवतात. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर आधी सिव्हिलला जाऊन दाखवा.