रिसर्चमध्ये यायचंय म्हणतेस तर

तुझा मेसेज नीट वाचला. जीन एडिटिंगमध्येच, म्हणजे पेशीतल्या जीन्समध्ये हवा तो बदल करायच्या तंत्रातच काम करायचं, त्यासाठी बाहेर जायचं, गोव्यात राहून काय होणार, असं तुझं म्हणणं. बाहेर जरूर जा ग, पण ते शेवटचं वाक्य मला पटलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरची जीन एडिटिंगवाली ट्रीटमेंट, कॅसजेवी, ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर केली, सगळीकडे बातम्या झाल्या, आणि ती खरंच मोठी गोष्ट आहे. पण या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग या केमिस्टच्या टीमने 1949 मध्येच दाखवलेलं. म्हणजे कारण कळल्यापासून हा उपचार हातात यायला 70 हून जास्त वर्षं गेली. मधे राबलेली कितीतरी माणसं तो न बघताच गेली. तुझं आयुष्यही बहुतेक अशा मधल्या वर्षांतच जाईल, ते चालणार असेल तरच या लाइनला ये.

आता आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला माकडताप बघ. व्हायरस 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, गोचिडीतून पसरतो हेही कधीचं माहीत, तरी अजून नेमकं औषध नाही, सलाईन द्यायचं, कुठे रक्तस्राव होतोय का बघायचं, पेशंटला सांभाळून न्यायचं, एवढंच. जुन्या लसीनेही पुरेसं संरक्षण मिळेना. 2015 मध्ये सत्तरीतल्या पाली गावात साथ आली तो काजूचा सीझन. तू कधी काजूच्या बागायतीत काम करणाऱ्या बायकांना बघितलंयस का? सकाळी सकाळी सुक्या पाचोळ्यात वाकून बोंडू गोळा करायचे, बी पिरगळून वेगळी काढायची, दमलं की तिथेच झाडाखाली बसायचं. आणि गोचिडीची पिल्लं, ज्यांना निम्फ म्हणतात, नेमकी त्याच महिन्यांत पाचोळ्यात असतात, इतकी बारीक की अंगावर चढलेली कळतसुद्धा नाहीत. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि दुसरं अंग शोधतात. लॅबमध्ये सॅम्पल पॉझिटिव्ह आलं की व्हायरस कळतो, पण तो माणसापर्यंत कसा पोचला हे "मावशी, ताप यायच्या आधी आठ दिवसांत कुठल्या बागायतीत गेलेलात?" असं विचारल्याशिवाय कळत नाही. हा प्रश्न विचारायला शिक, मशीन चालवायला कोणीही शिकवेल.

उपचारांचंही तसंच. डिप्रेशनवरची एक महत्त्वाची ट्रायल आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगाथ या गोव्यातल्या संस्थेची, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये 2017 मध्ये आली. नवीन गोळी वगैरे काही नाही. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन कौन्सेलर केलं, पेशंटशी थोडीच सेशन्स, कधी सेंटरवर कधी घरी. तीन महिन्यांनी 64 टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आलेले, आणि ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात 39 टक्के. हा दुसरा आकडा बघितलास? काहीही वेगळं न करता 39 टक्के बरे झालेच असते. तुलनेचा ग्रुप ठेवला नसता तर सगळं श्रेय कौन्सेलरच्या खात्यात गेलं असतं, आणि तसलं अर्धवट श्रेय लाटणाऱ्या बातम्या तुला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्यामुळे कुठलाही पेपर हातात आला की आधी दुसऱ्या ग्रुपचं काय झालं ते शोध, मग बाकीचं वाच.

तर अर्ज कर, पुण्याला कर, बंगळुरूला कर, रेफरन्स लेटर मी देईन. फक्त त्याआधी मार्चमध्ये थोडे दिवस सत्तरीत वाळपईकडे काढ, ओळखीच्या सिस्टरशी मी बोलून ठेवते. पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, गोचिडी लांब ठेवायला अंगाला लावायचं तेल विसरू नको, आणि बायका काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, तुझ्या मेडिकल भाषेत नको.