कोकोपीटमधल्या कुंड्या: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या वेळी घरातल्या कुंड्यांना मातीऐवजी कोकोपीट कसं चालतं ते थोडक्यात लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिल्या प्रश्नाला जरा जास्तच जागा दिलीय, कारण बाकीच्यांपैकी निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न: ताई, मी 650 ग्रॅमची कोकोपीटची वीट आणली, पाण्यात फुगवली आणि पीस लिली आणि मनी प्लांट त्यात लावले. महिनाभर मस्त होते. आता पीस लिलीची नवीन पानं लहान आणि वेडीवाकडी येतायत, टोकं तपकिरी, आणि जुन्या पानांच्या शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा. पाणी वेळेवर आहे, 19:19:19 खत पण देतोय. कोणी म्हणतं आधी धुवायला हवं होतं, कोणी म्हणतं कॅल्शियम द्या. नक्की काय?

उत्तर: दोघंही बरोबर सांगतायत, फक्त दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. नारळ समुद्राकाठी वाढतो आणि काही ठिकाणी सोडणं खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात सोडियम असतं, आणि पोटॅशियम तर त्याच्यात मुळातच भरपूर असतं. यातले काही क्षार नुसते पाण्यात विरघळलेले असतात, ते धुतल्यावर निघून जातात. पण भुशाच्या कणांवर ऋण भार असतो, तिथे सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसलेले असतात आणि ते साध्या पाण्याने कितीही धुतलं तरी पुरते सुटत नाहीत. त्यांना हटवायला त्यांच्यापेक्षा घट्ट चिकटणारं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे कॅल्शियम, कारण त्याचा भार दुप्पट असतो.

हे आधी केलं नाही तर काय होतं, तर तुम्ही खतातून किंवा पाण्यातून जे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम देता ते कोकोपीट स्वतःकडे ठेवून घेतं आणि बदल्यात पोटॅशियम सोडतं, मग मुळांना पोटॅशियमचा मारा आणि बाकी दोघांची उपासमार. तुमच्या पानांवर नेमकं तेच दिसतंय. कॅल्शियम झाडात एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, म्हणून कमी पडलं की नवीन पानं बिघडतात. मॅग्नेशियम हलतं, झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून पिवळेपणा जुन्या पानांच्या शिरांमध्ये. आणि 19:19:19 मध्ये नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजेच पोटॅशियम) आहे पण कॅल्शियम अजिबात नाही, म्हणजे तुम्ही खत देताय पण जे कमी पडतंय ते त्या पुडीत नाहीच.

लावलेली झाडं उपटू नका. कुंडी सिंकमध्ये ठेवा आणि कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी हळूहळू वरून सोडा, खालून निघून जाऊ द्या. मग 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि अर्धा ग्रॅम एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, यातून मॅग्नेशियम मिळतं) विरघळवून तेही खालून निघेपर्यंत घाला. ही दोन्ही आधी थोड्याशा पाण्यात एकत्र कालवायची नाहीत, घट्ट पाण्यात एकत्र आली की जिप्समचा पांढरा गाळ तयार होतो आणि दोन्ही वाया जातात. भरपूर पाण्यात एक आधी पूर्ण विरघळवा, मग दुसरं टाका. बिघडलेली पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका, पुढची दोन-तीन पानं कशी येतात त्यावरून ठरवा.

पुढच्या विटेच्या वेळी सुरुवातीलाच करून टाका. 650 ग्रॅमची वीट साधारण 4 लिटर पाण्यात फुगवली की 8-9 लिटर कोकोपीट होतं, कोमट पाणी घेतलं तर लवकर फुगतं. जुन्या सुती कापडात बांधून पिळा, परत साधं पाणी, परत पिळा. मग बुडेल एवढ्या पाण्यात 12 ते 15 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर ठेवा, मधे एकदा-दोनदा हलवा, सकाळी पिळा आणि एकदा साध्या पाण्यातून काढा. पिळून निघालेलं पाणी दुसऱ्या कुंडीत ओतू नका, जे काढायचं होतं ते सगळं त्यातच आहे.

पाकिटावर 'वॉश्ड' लिहिलेलं असलं तर फक्त धुतलेलं आहे, कॅल्शियमचं काम बाकी आहे असं समजा. 'बफर्ड' लिहिलं असेल तर दोन्ही झालेलं असतं, मग हा खटाटोप नको.

प्रश्न: वरचं कोकोपीट रोज कोरडं दिसतं म्हणून रोज पाणी घालते, तरी झाड सुकल्यासारखं मान टाकतंय आणि खोड बुडाशी मऊ लागतंय. अजून पाणी घालू का? कुंडीच्या तळाशी मी खडे पण घातलेत म्हणजे पाणी साठणार नाही.

उत्तर: नाही, आज तर एक थेंबही नको. वरचा पातळ थर लवकर वाळतो, रंग फिका होतो आणि आपल्याला वाटतं कुंडी कोरडी झाली, पण कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं आणि दोन इंच खाली ते अजून चिंब असतं. मुळं सडली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड तहानल्यासारखं दिसतं, आणि बघणारा अजून पाणी घालतो.

झाड कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरी किंवा फिकट आणि टणक असतील तर नुसतं वाळू द्या. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी असतील तर तेवढी स्वच्छ कात्रीने कापून टाका आणि नवीन कोकोपीटमध्ये, मुळांना जेमतेम पुरेल एवढ्या लहान कुंडीत लावा. खोड बुडाशी पूर्ण मऊ झालं असेल तर वरची चांगली फांदी कापून नवीन रोप करणं जास्त खात्रीचं, बुडाला वाचवत बसण्यात वेळ जातो आणि तोवर वरचंही जातं.

खड्यांबद्दल मला कळकळीने सांगायचंय कारण हे सगळीकडे सांगितलं जातं. बारीक भुशातून पाणी खालच्या जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही, ते भुशातच अडून राहतं. प्रत्येक कुंडीत तळाशी असा एक सतत ओला पट्टा असतोच आणि त्याची उंची कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खाली खडे भरले की तोच ओला पट्टा वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ. खडे काढा, कुंडीला भोकं ठेवा, आणि पाणी कमी साठावं असं वाटत असेल तर कोकोपीटमध्येच तिसरा हिस्सा परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा सोडणाचे जाड तुकडे, ज्याला हस्क चिप्स म्हणतात ते मिसळा. उथळ पसरट कुंडीत हा ओला पट्टा जागेच्या मानाने जास्त होतो, म्हणून घरातल्या कमी उजेडातल्या झाडाला जरा उंच कुंडी बरी.

आणि पाणी कधी घालायचं ते रंगावर नाही, वजनावर ठरवा. भरपूर पाणी घालून निथळल्यावर कुंडी उचलून बघा, मग दोन दिवसांनी परत उचला, हाताला फरक लगेच कळायला लागतो. हातावर विश्वास नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. समजा निथळलेली कुंडी 1800 ग्रॅम भरली आणि अगदी हलकी झाल्यावर 1000, तर साधारण 1300 च्या आसपास पाणी घाला. स्नेक प्लांट, झेडझेड असेल तर त्याहून खाली जाऊ द्या. खिडकीपासून लांब ठेवलेल्या झाडाला तेच पाणी दुप्पट दिवस पुरतं कारण उजेड कमी तर झाड पितंच कमी, त्यामुळे 'आठवड्यातून दोनदा' असं ठरलेलं वेळापत्रक कुणाचंच वापरू नका, माझं पण नाही.

प्रश्न: मला रासायनिक खत घरात नको वाटतं. कोकोपीटमध्ये महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत घातलं तर पुरेल ना?

उत्तर: नुसत्या कोकोपीटमध्ये नाही पुरणार. मातीत थोडंफार अन्न मुळातच असतं आणि ते तयार करणारे जिवाणूही असतात. कोकोपीटमध्ये पालाश सोडला तर झाडाच्या कामाचं जवळपास काही नसतं, आणि ताज्या भुशात कार्बन खूप आणि नत्र फारच कमी, त्यामुळे जिवाणू भुसा कुजवताना असलेलं नत्रही आधी स्वतः वापरतात. वरून टाकलेल्या मूठभर खतातून झाडापर्यंत पोचतं ते थोडं आणि उशिरा.

सेंद्रियच ठेवायचं असेल तर कुंडी भरतानाच गांडूळखत एकूण मिश्रणाच्या पाव हिस्सा मिसळा, म्हणजे 4 वाट्यात 1 वाटी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी वरचा थर काढून नवीन घाला. मनी प्लांट, सिंगोनियम यांचं त्यात बरं चालतं. पण हावरी, भराभर वाढणारी झाडं असतील तर माझं स्पष्ट मत आहे की कोकोपीटमध्ये पाण्यात विरघळणारं खतच द्यावं, अगदी पातळ करून, आणि जवळपास प्रत्येक पाण्यात. लिटरला अर्धा ग्रॅम संतुलित खत एका पाण्याला, पुढच्या पाण्याला लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि पाव ग्रॅम एप्सम सॉल्ट, असं आलटून पालटून. महिन्यातून एकदा भरमसाठ देण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

खत देताना पाणी एवढं घाला की घातलेल्यातलं दहावा-पाचवा हिस्सा खालून बाहेर येईल आणि ताटलीतलं ते पाणी ओतून द्या. थोडं थोडं घालून खालून कधीच काही निघू दिलं नाही तर क्षार आतच साठत जातात, वर आणि कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसायला लागते आणि पानांची टोकं जळतात. तशी खपली दिसली तर वरचा अर्धा इंच काढून टाका आणि साध्या पाण्याने कुंडी धुवून काढा, पहिल्या उत्तरात सांगितलं तसं.

प्रश्न: कुंडीतून बारीक काळी चिलटं उडतात, पाणी घातलं की जास्तच. झाडाला काही करतात का? घरात औषध फवारायचं नाहीये.

उत्तर: उडणारी चिलटं काही करत नाहीत, त्यांच्या अळ्या वरच्या इंच-दोन इंच ओल्या थरात राहतात, बुरशी खातात आणि कोवळी मुळंही कुरतडतात. मोठं झाड सहन करतं, नवीन कटिंग आणि बियांची रोपं मात्र जातात.

वरचा थर दोन पाण्यांच्या मधे चांगला वाळू द्या, हाच खरा उपाय आहे. काही दिवस खालून पाणी द्या, म्हणजे कुंडी अर्धा तास पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा आणि मग उचलून निथळवा. पिवळे चिकट कार्ड लावा, त्याने उडणारी पकडली जातात आणि कमी होतायत की नाही ते कळतं. एवढ्याने थांबलं नाही तर बीटीआय नावाचा जिवाणू मिळतो, पाण्यात मिसळून घालायचा, तो फक्त अशा अळ्यांवर काम करतो, माणसांना आणि घरातल्या प्राण्यांना त्याचा त्रास नाही. एकदा घालून थांबू नका, अंडी मागाहून फुटतात, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा घाला. आणि एका कुंडीत दिसली तरी शेजारच्या सगळ्या कुंड्यांना हेच करा.

प्रश्न: मातीतलं झाड कोकोपीटमध्ये हलवताना सगळी माती धुवायची का?

उत्तर: जेवढी सहज निघते तेवढी काढा, कोमट पाण्यात कुंडीचा गोळा भिजवून हलक्या हाताने. चिकट मातीचा गोळा तसाच ठेवून भोवती कोकोपीट भरलं तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने वाळतात, बाहेर ओलं आणि आत दगड किंवा उलटं. पण शेवटचा कण काढायच्या नादात बारीक मुळं तोडू नका, पाणी तीच ओढतात. हलवल्यावर दोन आठवडे खत नको, उन्हातही नको.

प्रश्न: जुनं कोकोपीट परत वापरता येतं का? आणि पूर्ण वाळून आकसलेलं परत भिजतं का?

उत्तर: भिजतं, आणि पीट मॉसपेक्षा (दलदलीतल्या शेवाळापासून झालेला, कुंड्यांत वापरतात तो भुसा) खूप सहज. पीट मॉस एकदा खडखडीत वाळलं की पाणी वरूनच घरंगळून जातं, कोकोपीट ओढून घेतं. कडेला फट पडली असेल तर वरून ओतलेलं पाणी फटीतून निघून जाईल म्हणून कुंडी तासभर पाण्यात बसवा.

परत वापरायचं असेल तर आधीचं झाड निरोगी होतं ना ते बघा. मुळं सडून किंवा किडीने गेलेलं असेल तर घरात परत नको. निरोगी असेल तर जुनी मुळं चाळून काढा, साध्या पाण्यात दोनदा धुवा, मग आधीसारखंच कॅल्शियमच्या पाण्यात ठेवा. दोन-तीन वर्षांनी कण बारीक होऊन चिखलासारखं व्हायला लागतं, हवा राहत नाही, तेव्हा ते कुंडीत वापरू नका, बाहेरच्या मातीत किंवा कंपोस्टमध्ये मिसळून टाका.