उदास असताना उदास गाणी ऐकली तर मूड आणखी बिघडतो का?

बारावीतल्या एका मुलाचा प्रश्न आहे. तो दिवसातले बरेच तास हेडफोन लावून असतो. मन खट्टू असलं की गाणीही तसलीच ऐकतो, आणि घरचे म्हणतात की त्या रडक्या गाण्यांमुळंच तू तोंड पाडून बसतोस. हे खरं आहे का, असं त्यानं विचारलंय. उत्तर देणाऱ्यानं स्वतः काय ऐकतो आणि त्यानं काय होतं तेही सांगावं, असंही म्हटलंय.

मी तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेन, म्हणून सरळ तू म्हणतो.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. डिप्लोमा केला आणि आता बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या, मशीनवर आहे. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, कामावर दोन्ही आणि वर हिंदी. माझी गाणीही तशीच आहेत. सकाळच्या बसमध्ये डॉ. राजकुमारांची जुनी कन्नड गाणी लागतात, ती ऐकून ऐकून पाठ झालीत. मोबाईलमध्ये मराठी रॅप भरपूर आहे. भीमसेन जोशींचे अभंग आहेत आणि त्यांनीच गायलेली कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदंही आहेत, एकाच यादीत, एकाखाली एक. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली वचनं, म्हणजे शरण संतांची कन्नड पदं, आहेत. आणि एकादशीला गावात भजन असतं, तिथं मी लहानपणापासून टाळ धरतो. माझं म्हणणं काय ते या भजनावरूनच सांगता येईल, त्याकडं येतोच.

आधी तुझी काळजी. उदास गाणं ऐकणारा माणूस त्या गाण्यामुळं उदास होतो, हे इतकं सरळ नाही. 2014 साली लिला तारुफ्फी आणि श्टेफान क्योल्श या संशोधकांनी 772 लोकांना विचारलं होतं की दुःखी संगीत ऐकताना तुम्हाला काय वाटतं. सगळ्यात जास्त लोकांनी सांगितलेली भावना दुःख नव्हती, जुन्या आठवणींची हुरहुर होती. मन शांत होतं, कुणीतरी आपलं समजून घेतलं असं वाटतं, असंही अनेकांनी सांगितलं. एकटं वाटतं तेव्हा माणूस असलं गाणं मुद्दाम शोधतो. तू तेच करतोस, त्यात बिघडलेलं काही नाही.

पण दुसरी बाजूही आहे. फिनलंडच्या सुवी सारिकालिओ आणि ऑस्ट्रेलियाच्या कॅट्रिना मॅकफेरन यांनी तुझ्याच वयाच्या मुलांवर काम केलंय. त्यांच्या अभ्यासातून दिसतं की तेच गाणं एखाद्याला सावरतं आणि दुसऱ्याला त्याच त्या विचारात फिरवत ठेवतं. म्हणजे गाणं कुठलं, यापेक्षा ते संपल्यावर तू कसा आहेस हे बघायला हवं. मोकळं वाटलं, उठून पाणी प्यावंसं वाटलं, अभ्यासाला बसवलं, तर गाण्यानं काम केलं. आणि तेच गाणं परत परत लावून त्याच माणसाचा, त्याच मार्कांचा विचार आणखी घट्ट झाला असेल, तर घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मग काय करायचं? लोक सांगतात, मूड खराब असला की मस्त उडतं गाणं लाव. मला हे कधीच पटलेलं नाही. कामावर दिवस वाईट गेला असेल, मशीनवर केलेला एखादा जॉब, म्हणजे सुटा भाग, रिजेक्ट झाला असेल, तेव्हा कुणी नाचायचं गाणं लावलं तर माझी चिडचिड वाढते. मन जिथं आहे तिथूनच गाण्यानं सुरुवात करायला लागते. भजनाची रीत बघ. रात्री जेवणं उरकून माणसं देवळात जमतात. दिवसभर शेतात वाकलेली, दमलेली असतात. कुणाच्या घरात आजारपण असतं, कुणाचं भावाशी वाजलेलं असतं. सुरुवात होते ती ‘जय जय रामकृष्णहरी’नं, अगदी ठाय, म्हणजे सावकाश लयीत. टाळ हळू, पखवाज राखून. मग रूपाचा अभंग, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन, तोही संथ. त्या वेळी कुणी कुणाकडून उत्साहाची अपेक्षा करत नाही. एक बुवा चरण म्हणतो, बाकीचे धृपद धरतात. दोन-तीन अभंग होतात तसा ठेका बदलतो, लय चढायला लागते, टाळ दुहेरी वाजायला लागतात. गवळणीपर्यंत मागं भिंतीला टेकून बसलेली माणसंही पुढं सरकलेली असतात. मग एखाद्या अभंगाला पखवाजी अशी लय वाढवतो की टाळकरी उभे राहतात. आणि तिथंही थांबत नाहीत. शेवटी भैरवी होते, आरती होते, पसायदान होतं, आणि सगळ्यांना परत खाली आणून, शांत करून घरी पाठवतात.

ही चढण कुणी शास्त्र म्हणून शिकवलेली नाही, पण मानसोपचारात हेच सांगितलेलं आहे. इरा अल्टशुलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं 1948 साली मांडलं की रुग्णाचा मूड जसा असेल तशाच चालीचं संगीत आधी लावावं, आणि मग थोडं थोडं बदलत त्याला हव्या त्या ठिकाणी न्यावं. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात. आपल्या ख्यालगायनातही विलंबित म्हणजे संथ आधी आणि द्रुत म्हणजे जलद मागून. मला यातून एक सवय लागली. मी ‘सॅड’ आणि ‘हॅपी’ अशा वेगळ्या याद्या ठेवत नाही. सहा-सात गाण्यांची एकच यादी, पहिलं गाणं आता जसं वाटतंय तसं, आणि शेवटचं जसं वाटायला हवं तसं. मधली गाणी निवडणं हेच खरं काम, आणि त्यात वेळ छान जातो. उदासच ऐकायचंय ना, ऐक की! फक्त सगळीच्या सगळी गाणी एकाच जागेवरची ठेवू नकोस.

लयीचा परिणाम मनावर होतो तसा थेट शरीरावरही होतो. इटलीच्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2006 सालचा अभ्यास मला फार आवडतो. 24 जणांना त्यांनी वेगवेगळं संगीत ऐकवलं, त्यात रॅप होतं, टेक्नो होतं, पाश्चात्त्य शास्त्रीय होतं आणि आपल्याकडचा एक रागही होता. लय जलद झाली की श्वास आणि हृदयाचे ठोके वाढले, संथ झाली की उतरले, आणि संगीताच्या प्रकारापेक्षा लयीचा परिणाम जास्त होता. पण खरी गंमत पुढं आहे. मध्येच दोन मिनिटं त्यांनी काहीच वाजवलं नाही. त्या दोन मिनिटांत माणसं सुरुवातीला होती त्याहूनही जास्त शांत झाली. मोबाईलवर एक गाणं संपायच्या आत दुसरं चालू होतं, त्यामुळं ही दोन मिनिटं आपल्याला मिळतच नाहीत. ऑटोप्ले बंद कर, एवढं तरी माझं ऐक. मी दिवसभर मशीनच्या आवाजात असतो. संध्याकाळच्या बसमध्ये बऱ्याचदा एकच गाणं ऐकतो आणि मग खानापूर येईपर्यंत नुसता खिडकीबाहेर बघत बसतो.

अंगावर काटा येतो त्याचंही कारण सापडलंय. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात 2011 साली दिसून आलं की आवडत्या जागेवर गाणं पोचतं तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि ती जागा येणार म्हणून आपण वाट बघतो तेव्हाही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघणं म्हणजे हेच. तान कुठंही फिरून येऊ दे, सम येणार हे माहीत असतं, म्हणून ऐकणारा आधीच मान डोलवायला लागतो. ओळखीचं गाणं पुन्हा ऐकण्यात म्हणूनच एवढा आधार वाटतो.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या गवयाबद्दल, कारण ‘तुम्ही काय ऐकता’ असं तू विचारलंयस. कुमार गंधर्व. ते आमच्याकडचे. बेळगावहून मिरजेकडं रेल्वेनं निघालं की सुळेभावी स्टेशन लागतं, त्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी कानडी बोलणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. खरं नाव शिवपुत्र कोमकळीमठ. लहानपणीच गाण्यानं नाव कमावलं, आणि ऐन तारुण्यात क्षयरोग झाला. कोरड्या हवेसाठी मध्य प्रदेशातल्या देवासला जाऊन राहावं लागलं आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद झालं. त्या काळात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीतं कानात साठवली. पुढं एका फुप्फुसाच्या जोरावर ते परत गायला लागले. त्यांनी गायलेली कबीराची निर्गुणी, म्हणजे निराकार देवाची, भजनं ऐक. त्यांना उदास म्हणता येत नाही आणि आनंदीही म्हणता येत नाही. स्वर एकदम वर फेकला जातो, तुटतो, मध्ये मोकळी जागा राहते. मला खूप एकटं वाटतं तेव्हा मी हीच लावतो. समजूत घातल्यासारखं त्यात काही नसतं, तरी ती ऐकून उठलो की छाती हलकी झालेली असते. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटेल, पण रात्री दिवा मालवून एकदा पूर्ण ऐक.

रॅपबद्दल थोडक्यात. आमच्या बोलीत, आमच्या शिव्यांसकट कुणी राग मांडला की बरं वाटतं. राग आला की मी तेच ऐकतो आणि त्याबद्दल घरी कुणाला स्पष्टीकरण देत नाही.

तू बारावीत आहेस म्हणून दोन कामाच्या गोष्टी. वाचून समजून घ्यायचा विषय असेल तेव्हा शब्द असलेलं गाणं लावू नकोस. कानातले शब्द आणि पुस्तकातले शब्द एकमेकांना आडवे येतात, हे प्रयोगांतही दिसलंय. गणितं सोडवताना बासरी किंवा सतार चालेल. दुसरं, आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकलेला चालतो, पण 90 डेसिबलला ती मर्यादा 4 तासांवर येते. तू दिवसातले बरेच तास ऐकतोस, तेव्हा आवाज कमीच ठेव. आमच्याकडं वैशाखात शिवजयंतीला चित्ररथांची मोठी मिरवणूक निघते. ढोल-ताशा आणि झांजपथक छातीत घुमतं, आणि अनोळखी गर्दीत कुणीही परकं वाटत नाही. पण डीजेच्या भिंतीसमोर मी उभा राहत नाही. कान गेले की सगळंच गेलं.

आणि एक गंभीर गोष्ट. गाणी आवडेनाशी झाली, झोप-जेवण बिघडलं, आठवडेच्या आठवडे काहीच नको वाटतंय, असं असेल तर ते गाण्यानं सुटणारं नाही. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. संकोच करू नकोस.

घरच्यांचं म्हणशील तर मला वाटतं त्यांची अडचण गाणं ही नाहीच. हेडफोनमुळं त्यांना गाणं ऐकू जात नाही, त्यांना फक्त तुझा पडलेला चेहरा दिसतो. एकटं ऐकणं आणि मिळून गाणं यात फार फरक आहे. स्वीडनमध्ये 2013 साली ब्योर्न विकहॉफ यांनी अठरा वर्षांच्या मुलांना एकत्र गायला लावून त्यांचे ठोके मोजले होते. एकत्र गाताना सगळ्यांचा श्वास चालीबरोबर चालायला लागला आणि हृदयाचे ठोके एकाच वेळी वाढायला-उतरायला लागले. भजनातून घरी येताना आमचे अण्णा आणि मी वाटेत काही बोलत नाही, पण सकाळचा वाद कुठल्या कुठं गेलेला असतो. तुझ्याकडं भजन नसेल, पण स्पीकर असेल. रविवारी सकाळी तुझं एक गाणं मोठ्यानं लाव, आणि मग वडिलांना त्यांचं एक लावायला सांग. तुझं त्यांना आवडायलाच हवं असं नाही. त्यांच्या अठराव्या वर्षी ते काय ऐकत होते, हे मात्र विचार. त्या वयातली गाणी माणूस विसरत नाही, तेव्हा ते सांगतील.