'सुनीत' आणि स्वन

प्रश्न असा : इंग्रज कवी जॉन डनच्या प्रेमकवितांना 'साँग्ज अँड सॉनेट्स' असं नाव आहे, पण आत चौदा ओळींचं सुनीत, म्हणजे सॉनेट, काही सापडत नाही. मग नाव चुकलं का?

नाही चुकलं. सुनीत म्हटलं की आपल्याकडे सगळे आधी बोटं मोजायला लागतात. गद्याचे चौदा तुकडे पाडायचे आणि वर 'सुनित' लिहायचं, तेही ऱ्हस्व! अष्टक-षट्क (आठ आणि सहा ओळींचे भाग), इटालियन कवी पेट्रार्कची घडण, शेक्सपिअरची घडण हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे, तिथेच वाचा.

खरी गंमत शब्दात आहे. इटालियन 'सोनेत्तो' आला दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सकडच्या 'सोनेत'वरून, म्हणजे चिमुकलं गाणं. त्याच्या मुळाशी लॅटिन 'सोनुस', आवाज. आणि हा सोनुस संस्कृत 'स्वन'चा, म्हणजे आवाजाचाच, सख्खा भाऊ! पटत नसेल तर बाकीची भावंडं पाहा : स्वप्न तिकडे 'सोम्नुस', स्वसा, म्हणजे बहीण, तिकडे 'सोरोर'. म्हणजे भाषाशास्त्रातला आपला रुक्ष 'स्वनिम' (अर्थभेद करणारा ध्वनी, फोनीम) आणि प्रेयसी लॉरासाठी झुरत पेट्रार्कने लिहिलेली सॉनेटं एकाच घराण्यातली निघाली.

केशवसुतांनी 'चतुर्दशक' म्हटलं, रविकिरण मंडळाच्या काळात 'सुनीत' रुळलं. चतुर्दशकच शास्त्रशुद्ध, सुनीत ही नुसती ध्वनीची नक्कल, असं सांगणारे विद्वान आहेत. सांगोत बापडे. चतुर्दशक हा हिशेबनिसाचा शब्द. सुनीत निदान कानाने घडवलेला आहे. मला विचाराल तर 'स्वनिका' हवा होता. मूळ, अर्थ आणि लघुत्व तिन्ही साधलं असतं. पण आता कोण ऐकतंय!

मोजणीचा हट्ट तसा जुनाच. काही लोक कोणत्याही छोट्या कवितेला सॉनेट म्हणतात, अशी कुरकुर इंग्रज कवी जॉर्ज गॅस्कॉइनने 1575 मध्येच केली होती. शब्द लॅटिन 'सोनारे'वरून (आवाज करणे) आला, लघुत्ववाचक आहे, हे स्वतःच सांगून हा गृहस्थ पुन्हा चौदा ओळी आणि दर ओळीत दहा अक्षरं यांवर अडून बसतो. मूळ कळूनही न कळल्यासारखं! शेक्सपिअरने तरी हा दंडक कुठे पाळला? 1609 च्या संग्रहात 99 वं सॉनेट पंधरा ओळींचं आहे, 126 वं बाराच ओळींचं.

हां, डन राहिलाच. त्याच्या काळी छोट्या प्रेमकवितेलाही सॉनेट म्हणत. शिवाय ते नाव 1635 च्या आवृत्तीतलं, आणि डन वारला 1631 मध्ये. चौदा ओळीच हव्या असतील तर त्याची 'होली सॉनेट्स' उघडा.