खतन्यावर बातमी करायला शिकवायचं असेल, तर छापून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्यात दहा-बारा तरुण बातमीदारांसाठी एका दिवसाचं शिबिर घ्यायचंय. विषय मुलींचा खतना, म्हणजे मुलीच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा. दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजात तिला खफ्ज असंही म्हणतात. ६ फेब्रुवारीचा या प्रथेविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस जवळ आलाय, त्याच्या आधी मुलं तयार व्हावीत अशी तुमची इच्छा आहे. सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या स्लाइड, जेवणानंतर खतना झालेल्या एका बाईंचं अनुभवकथन, मग प्रश्नोत्तरं, असा आराखडा तुम्ही दिलाय आणि संवेदनशीलता नेमकी शिकवायची कशी, असं विचारलंय.

मी ठाण्यात चोवीस वर्षं बातमीदारी आणि डेस्क दोन्ही केलंय. गेली काही वर्षं नवीन मुलांना शिकवते. माझं पहिलं सांगणं असं की त्या बाईंना बोलावू नका. त्यांचा हेतू चांगला असेल, तुमचाही आहेच. पण सात वर्षांच्या वयातली ती दुपार बारा अनोळखी माणसांसमोर परत उभी करायची, आणि तीही बातमीदारांचा सराव व्हावा म्हणून, हे बरोबर नाही. मुलांचे डोळे पाणावतील आणि आपण आता संवेदनशील झालो असं वाटून ती घरी जातील. दुसऱ्या दिवशी मात्र मथळा तसाच लिहितील. हे मी पाहिलंय.

मी स्वतः काय केलं तेही सांगते. सुप्रीम कोर्टात या विषयावरची याचिका गाजत होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या बातमीदार मुलीने एका बाईंची फार चांगली मुलाखत आणली होती. नाव बदललं होतं. कॉपी माझ्याकडे आली. बातमीला अंग यावं म्हणून मी तीन तपशील ठेवले: वडिलांचं वागळे इस्टेटमधलं हार्डवेअरचं दुकान, बाईंचा होमिओपॅथीचा दवाखाना आणि परदेशात असलेली मोठी बहीण. सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाल्या, “नाव सोडून तुम्ही सगळं छापलंत.” पानाचा फोटो रात्रीच व्हॉट्सॲपवर नातेवाइकांत फिरला होता. त्यांना खतन्यासाठी नेणारी त्यांची आई होती, आणि आता ती खोलीचं दार लावून बसली होती. “मला तिच्यावर राग आहे,” त्या म्हणाल्या, “पण मला तिच्याबरोबरच राहायचंय.”

ही प्रथा आया, आज्या आणि आत्या पुढे नेतात. ज्या बाईला दुखापत झाली, तिचं दुखापत करणाऱ्या माणसावर प्रेमही असतं. बातमीदाराला हे आधी कळलं पाहिजे. त्याची बातमी दिवसभराची असते. बाई मात्र त्यानंतरही त्याच घरात, त्याच जमातीत राहते, तिथलीच लग्नं, तिथल्याच मयती. समाजाने वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, तो मुलांना जरूर सांगा. पण लग्नाचं आमंत्रण न येणं कुठल्या कलमात बसवणार?

म्हणून माझ्या शिबिराची सुरुवात एका कागदाने होते. एक काल्पनिक ओळखपत्र लिहिते: वय ३४, कोपरखैरणेत राहते, शाळेत शिक्षिका, नवरा दुबईत, दोन मुली, माहेर सिद्धपूरचं. नाव नाही. मुलांना विचारते, यातल्या किती गोष्टी काढल्या म्हणजे तिच्या इमारतीतल्या बाईला ती ओळखू येणार नाही? मुलं आधी एखादी काढतात. मग चर्चा होत होत तासाभरात कागदावर ‘नवी मुंबईतली तिशीतली बाई’ एवढंच उरतं. बोहऱ्यांची दाट वस्ती असलेल्या मुंबईतल्या भेंडीबाजारात ‘हार्डवेअरचं दुकान’ म्हटल्याने कदाचित काही बिघडणार नाही. आपल्याकडे एखाद्या सेक्टरमध्ये अशी चारच घरं असतील तर सेक्टरचा आकडासुद्धा नावच होतो. दिवसभरातलं बाकी काही राहिलं तरी चालेल, हा तास राहू देऊ नका.

मग शब्द. इथे मराठीची स्वतःची अडचण आहे आणि ती इंग्रजी पुस्तिका वाचून सुटत नाही. आपल्या डेस्कवर ‘मुलींची सुंता’ लिहिलं जातं. वाचकाला ती मुलग्यांसारखीच वाटते आणि विषय तिथेच संपतो. उलट ‘नाजूक जागेवर शस्त्रक्रिया’ लिहिलं की काय झालं ते कळतच नाही, वर शस्त्रक्रिया म्हटल्याने काहीतरी औषधोपचार झाल्यासारखं वाटतं. मी मुलांना सांगते, शिश्निका (क्लिटोरिस) हा शब्द लिहा. शिश्निकेवरची त्वचा किंवा शिश्निकेचा काही भाग कापला जातो, हे बातमीत एकदा, एकाच वाक्यात, साधेपणाने लिहा आणि पुढे जा. रक्त, पातं, किंकाळी यांचं वर्णन नको. बाई स्वतः ‘खतना’ म्हणत असेल तर तिच्या तोंडी खतनाच ठेवा. ‘विच्छेदन’ हा शब्द अनेकींना नको असतो, कारण मग त्या स्वतःच्या शरीराकडे तुटकं म्हणून पाहायला लागतात. कुणाला नेमका तोच हवा असतो, कारण त्यांना गुन्ह्याला गुन्हा म्हणायचं असतं. तिला विचारा. ‘पीडिता’ला पोलीस ठाण्याचा वास आहे, ‘बळी’ म्हटलं की माणूस मेल्यासारखं वाटतं. आणि ‘अघोरी’, ‘रानटी’ ही विशेषणं कॉपीतून सरसकट काढायला लावा. ती वाचून आपला वाचक ‘हे त्यांच्यातलं’ म्हणून निर्धास्त होतो आणि त्या समाजातली जी आई मुलीला न नेण्याचा विचार करत असते, ती पेपर मिटून ठेवते.

फोटोचंही तसंच. गंजलेलं ब्लेड आणि काळ्या बुरख्यातली बाई, हे दोन फाइल फोटो कुठल्याही डेस्कवर तयार असतात. बोहरा बायका रिदा घालतात, रंगीत, लेस लावलेला. काळा बुरखा छापला की समाजाच्या नजरेत तुमची बातमी तिथेच खोटी पडते, आणि बाकी वाचकांपुढे ती सगळ्या मुसलमानांवरचा शेरा होऊन बसते. भारतातल्या बहुसंख्य मुस्लिम समाजात ही प्रथा नाही, तर इजिप्तमध्ये ख्रिस्ती कुटुंबांतही ती आढळते, हे वाक्य कॉपीत ठेवा. खालच्या प्रतिक्रिया बंद ठेवायच्या की कुणी तपासायच्या, हेही आधीच ठरवा.

डॉक्टरांचं सत्र ठेवा, पण पाऊण तासाचं आणि चित्रांशिवाय. जागतिक आरोग्य संघटनेने याचे चार प्रकार मानले आहेत. बोहरा समाजात सांगितला जातो तो मुख्यतः पहिला, काही वेळा चौथा, म्हणजे टोचणं-खरवडणं. तिसऱ्या प्रकारात योनीमुख शिवून अरुंद केलं जातं. सोमालियातलं त्याचं वर्णन ठाण्याच्या बातमीत चिकटवणं ही सरळ चूक आहे. मात्र ‘आमच्यात फक्त जरासा छेद’ असं प्रथेचे समर्थक म्हणतात, तेव्हा ते त्यांचं म्हणणं म्हणून द्या आणि शेजारी हेही द्या की संघटनेच्या व्याख्येत तोही येतो, त्याचा आरोग्याला कसलाच फायदा नाही आणि डॉक्टरने तो दवाखान्यात करण्यालाही संघटनेचा विरोध आहे. बोहरा बायकांची एक संघटनाही धार्मिक हक्क म्हणून खफ्जची बाजू कोर्टात मांडते. तिला फोन न करता केलेली बातमी अर्धी.

आकड्यांबाबत मी फार कडक आहे. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया यातून गेल्या आहेत. त्यात भारत धरलेला नाही, कारण आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरची मोजणीच नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कोर्टात सांगितलं होतं की प्रथा असल्याची अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास नाही. खतन्याविरुद्ध काम करणाऱ्या ‘सहियो’ संस्थेच्या ऑनलाइन पाहणीत ३८५ बोहरा बायकांपैकी ८० टक्के बायकांनी आपला खतना झाल्याचं सांगितलं. २०१८ च्या एका अभ्यासात उत्तर देणाऱ्यांच्या सात वर्षांवरच्या मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा झाला होता, पण त्या मुलाखती शंभराच्या आत होत्या. मुलं याचं ‘भारतातल्या ७५ टक्के बोहरा मुली’ करून टाकतात. कॉपीत ही एक चूक सापडली की विरोधकांना बाकीची बातमी वाचायची गरजच उरत नाही. प्रथेवर बंदी मागणारी वकील सुनीता तिवारी यांची याचिका २०१७ ची, २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे गेली आणि २०१९ च्या शबरीमला पुनर्विचार आदेशात तिचा उल्लेख आला. आज नेमकं काय चाललंय ते शिबिराच्या आदल्या दिवशी तपासून घ्या.

कायद्याचा एक भाग मात्र थांबून शिकवा. भारतात खतन्याविरुद्ध वेगळा कायदा नाही, पण पोक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, लागू होतो असा युक्तिवाद आहे. पोक्सोच्या २३ व्या कलमानुसार मुलीचं नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, परिसर, काहीही उघड करता येत नाही, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत. १९ वं कलम त्याहून अवघड. मुलीवर असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कुणावरही येते, बातमीदारावरही. चाळिशीतली बाई बोलता बोलता म्हणाली, “या सुट्टीत भाचीला नेणार आहेत,” तर तुमचा बातमीदार काय करणार? याचं उत्तर मुलाखतीच्या खुर्चीत सुचत नाही. संपादक आणि वकील यांच्याशी आधी बोलून ठेवायचं, १०९८ हा बालकांच्या हेल्पलाइनचा नंबर जवळ ठेवायचा, आणि बाईला बोलणं सुरू होण्याआधीच सांगायचं की अशी माहिती मिळाली तर मला गप्प बसता येणार नाही. नंतर सांगितलं तर ती फसवणूक आहे.

मुलाखतीचा सराव आपसात करू द्या, विषय दुसराच घेऊन. प्रत्येकाने आपल्या घरात कुणाला न सांगितलेली एक साधी गोष्ट सांगायची, जोडीदाराने ती लिहायची आणि सगळ्यांसमोर वाचायची. आपलं बोलणं दुसऱ्याच्या वाक्यात ऐकताना कसं आकसायला होतं, ते मुलांना तिथे कळतं. वाचायच्या आधी परवानगी विचारणारा बहुधा एखादाच निघतो, आणि मग पुढचा अर्धा तास त्यावरच जातो. संमती तीनदा घ्यायची: बोलण्याआधी, बोलून झाल्यावर, आणि तिचे कोट तिला वाचून दाखवल्यावर. तिने कोट मागे घेतला तर तो गेला. दुभाषी लागला तर नात्यातला किंवा जमातीतला नको. ‘नेमकं काय कापलं’ हा प्रश्न कुणीच, कधीच विचारायचा नाही.

सभागृह घेऊ नका, गोल बसता येईल अशी खोली पाहा, आणि संपल्यावर मुलांना लगेच लोकलला पळावं लागणार नाही अशी वेळ ठेवा, कारण एखादीला थांबून आपल्या घरातलं काही सांगायचं असतं. ओळखपत्राचा कागद आणि दुरुस्त केलेल्या दहा मथळ्यांचा संच मी तुम्हाला निरोपातून पाठवते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी ठाण्यातच आहे. त्या बाईंसाठी ठेवलेली दुपारची वेळ मला दिलीत तर मी येईन.